पाठमोरा

तालमी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ताई बाजारात गेली ती फक्त पांढऱ्या चिकटपट्टीची दोन रिळं आणायला. दुकानदाराने विचारलं, "कशाला हवीय?" ताई म्हणाली, "भिंती बांधायच्यात." दुकानदार हसला. ताईला त्याचं काही वाटलं नाही, कारण ती अगदी खरं तेच सांगत होती. तालमीच्या हॉलमध्ये खऱ्या भिंती कुठून येणार? जमिनीवर पट्ट्या चिकटवायच्या, ही मागची भिंत, ही डावी, ही उजवी, आणि दार असेल तिथे दीड हात जागा मोकळी सोडायची. महिनाभर नटांनी त्या पट्ट्यांना भिंती मानायचं. आणि मानतात हो. शिकलेसवरलेले, घोड्याएवढे वाढलेले नट चहाला निघाले तरी पट्टीवरून पाय टाकत नाहीत, वळसा घालून त्या मोकळ्या जागेतून बाहेर येतात. हसू नका, सवय लागली की तुम्हीही तेच कराल.

ताई त्या नाटकमंडळीची प्रॉम्प्टर. कधीकाळी तीही नटी होती. भर प्रयोगात एकदा तिचा आवाज गेला. घसा ठणठणीत, शब्द तोंडपाठ, पण समोरच्या अंधारात माणसं बसलीयत हे मनात आलं आणि तोंडातून हवासुद्धा बाहेर पडेना. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून ती विंगेत स्टुलावर बसते आणि कुजबुजते. कुजबुजताना मात्र तिचा आवाज कधी अडला नाही.

ह्या मंडळीचे दिग्दर्शक म्हणजे सर. सरांच्या दोन पद्धती होत्या. एक, नटाच्या हातात वही द्यायची नाही. "वाचून पाठ केलेलं डोळ्यांत दिसतं," असं त्यांचं म्हणणं. प्रॉम्प्टरने एक श्वास आधी वाक्य म्हणायचं, नटाने ते कानाने उचलायचं. दुसरी पद्धत अशी, की नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत उच्चारायचंच नाही. ते पान फक्त प्रॉम्प्टरकडे. नटाला ते पहिल्या प्रयोगात, प्रेक्षकांसमोरच ऐकू येणार. "शेवट ठाऊक असलेली बाई पहिल्या मिनिटापासून सुटल्यासारखी वावरते," सर म्हणायचे. तशी आजवर ह्या पद्धतीची कधी कोणाला बाधा झाली नव्हती.

नाटक एकपात्री होतं. एक बाई एका खोलीत कोंडलेली. कोणी कोंडलंय, तिने स्वतःच कडी लावलीय का, हे सरांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिच्या आत दोन बायका भांडतात. एक म्हणते बाहेर पडू, दुसरी म्हणते बाहेर काय ठेवलंय. भांडून भांडून डोकं फुटायची वेळ येते तेव्हा ती एक देव मांडते. सरांना खराखुरा देव नको होता. "कोणाचाही घेतला तरी उद्या कोणीतरी दगड घेऊन दारात उभं राहील. आपण कोणाचाच नसलेला घेऊ," असं ते म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. मग त्यांनी हा घडवला. एक वेताची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची. बाईने आपल्या बाहीने ती पुसायची, शेजारी पाण्याचा पेला ठेवायचा, आणि खुर्चीच्या पाठीला पाठ लावून जमिनीवर बसायचं. मग म्हणायचं, "ये. बस. तोंड दाखवू नको. पण जाऊ नको." देवाचं नाव पाठमोरा.

बाईचं काम धाकटीला मिळालं होतं, ताईच्या सख्ख्या बहिणीला. मिळालं कसलं, ताईने सरांच्या मागे लकडा लावून ते मिळवलं होतं. धाकटीचा संसार मोडल्यापासून ती वर्षभर ताईच्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीकडे बघत पडून होती. काम मिळालं तर उठेल, खाईल, चार माणसांत बोलेल, एवढाच ताईचा हेतू. एवढाच, असं ती स्वतःला सांगायची. खोटं कशाला बोलू, त्यात थोडी असूयाही होती. नाटक वाचलं त्या दिवसापासून ती बाई ताईला स्वतःचीच वाटत होती.

हॉल तळघरात होता. खिडकी नाही, दुपारी तीनला तालीम सुरू व्हायची तेव्हाही दिवे लागलेले. पहिल्या दिवशी ताई पट्टीच्या बाहेर स्टुलावर बसली, आणि पूजेची ओळ आली. "ये," ताई कुजबुजली. "ये," धाकटी म्हणाली. धाकटी चांगली नटी होती, पण पहिल्या दिवशी ती नुसते शब्द म्हणत होती. ताईचं तसं नव्हतं. बावीस वर्षं जे कोणाला सांगितलं नाही ते सगळं त्या एका शब्दात गोळा झालं, आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते कोणाला दिसू दिलं नाही. प्रॉम्प्टरकडे तसंही कोण बघतं?

आठवड्याभरात सुतारकाकांनी तिला गाठलं. नेपथ्याची सगळी लाकडं त्यांच्या हाताखालून जायची.

"ताई, ह्या खुर्चीवर बसतं कोण?"

"कोणी नाही. नाटकातही बसायचं नाहीये."

"मग वेत खाली कसा आलाय? बघ, माझ्यासारखा माणूस रोज दोन तास बसला तरी एवढा खड्डा पडायचा नाही."

त्यांनी नवा वेत विणून दिला. तिसऱ्या दिवशी तोही खाली आला. त्यानंतर खुर्ची उचलायची वेळ आली की काका दुसऱ्या कोणालातरी हाक मारायला लागले.

धाकटीचं काम मात्र दिवसागणिक चढत गेलं. सर खूश, मंडळी खूश. चहाच्या वेळी सगळे दाराच्या मोकळ्या जागेतून बाहेर पडायचे, धाकटी तिथेच खुर्चीला पाठ लावून बसून राहायची. ताई कप घेऊन आत जायची. "चल की बाहेर, पाय मोकळे कर." धाकटी म्हणायची, "बसते गं. कोमट वाटतं पाठीला." ताईने एकदा हात लावून पाहिला. खुर्चीची पाठ खरंच कोमट होती, आणि तिला बंद ट्रंकेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या लोकरीसारखा वास येत होता. ताईने हात काढून घेतला. चटकन नाही काढला, हेही सांगायला हवं.

विसाव्या दिवशी तालीम संपली, सगळे निघाले, आणि धाकटी दाराच्या मोकळ्या जागेपाशी येऊन थांबली. एक पाय उचलायची, परत ठेवायची.

"काय झालं?"

"काही नाही... तू हात धर जरा."

ताईने हात धरला. बाहेर येताना धाकटीने अंग असं आक्रसून घेतलं की जणू फटीतून निघतेय. तिथे दीड हात मोकळी जागा होती. लाइटवाला म्हणाला, "वा, भूमिकेत शिरावं तर असं." सगळे हसले. ताईने मात्र तिचा हात रस्त्यापर्यंत सोडला नाही.

पुढच्या रविवारी तालमीला सुट्टी होती. ताई भाजी घेऊन घरी आली तर धाकटीने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीकडे फिरवली होती आणि तिला पाठ लावून ती जमिनीवर बसली होती.

"ताई, तीन वाजले. म्हण ना."

"काय म्हणू?"

"ये म्हण. तू म्हटल्याशिवाय मला म्हणता येत नाही."

"आज सुट्टी आहे गं."

"त्याला कसली सुट्टी?" धाकटी हसली. लहानपणी ताईची चोरी पकडली की हसायची तशी. "आणि मला काय वेड्यात काढतेस? मी कुठे बोलावते? मी आपली तू म्हणतेस तेच म्हणते. बोलावतेस तूच. मला नुसतं पाठीला कळतं, की आला."

ताईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. तिला म्हणायचं होतं, ऊठ, ती खुर्ची सरळ कर. त्याऐवजी ती भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि कुजबुजली. "ये. बस. तोंड दाखवू नको..." बहिणीसाठी म्हणतेय, असं तिने मनाशी घोकलं. खोलीत वेत करकरला. त्या खुर्चीला वेत नव्हता, साधी लाकडी फळी होती.

दुसऱ्या दिवशी ताई सरांपुढे उभी राहिली.

"सर, एकदा शेवटचं वाक्य म्हणू द्या तिला. तालमीतच."

सरांनी चष्मा काढला. "बावीस वर्षांनी तू हे विचारतेस?"

"तिची तब्येत बरी नाही. खोलीतून बाहेर पडायला घाबरते."

"बाईसुद्धा घाबरतेच ना? मग बरोबर चाललंय. सहा दिवस राहिलेत, कळ काढ."

"सर, पन्नासेक वेळा बोलावून झालंय. एकदाही जा म्हटलेलं नाही."

"कोणाला?"

सर पुन्हा चष्मा घालून प्रकाशयोजनेचा कागद बघायला लागले. मनात आणलं असतं तर ताईला त्याच संध्याकाळी, घरी, ते वाक्य बहिणीच्या कानात सांगता आलं असतं. पान तिच्याच पर्समध्ये होतं. तिने का सांगितलं नाही? पद्धत मोडू नये म्हणून, असं ती म्हणाली असती. खरं कारण असं, की ते वाक्य म्हटलं की तीन वाजताचं ते कोमट सुख संपणार होतं. एका बाजूला पोटच्या पोरीसारखी वाढवलेली बहीण, दुसऱ्या बाजूला तो. ताईने दोन दिवस बहिणीकडे बघायचं टाळलं. त्या दोन दिवसांची तिला अजून लाज वाटते.

रंगीत तालीम नाट्यगृहात झाली, दुपारी, रिकाम्या खुर्च्यांपुढे. आता पट्ट्या नव्हत्या. सुतारकाकांनी रंगवलेल्या तीन भिंती होत्या आणि डाव्या भिंतीला बिजागऱ्यांचं खरं दार. नाटक शेवटच्या वाक्यापर्यंत आलं, तिथे पद्धतीप्रमाणे थांबलं, अंधार झाला, दिवे लागले. सर म्हणाले, "उत्तम. चहा." पंधरा मिनिटांत नाट्यगृह रिकामं झालं. ताई वही आवरत होती तेव्हा तिला हाक आली.

"ताई... दार उघडत नाही."

ताई विंगेतून पुढे आली. दार सताड उघडं होतं. धाकटी त्याच्या आतल्या बाजूला उभी होती आणि तिचा तळहात त्या उघड्या जागेत, हवेवर, सपाट टेकलेला होता. बोटांची टोकं दाबून पांढरी पडली होती.

"ढकल ना बाहेरून. काकांनी उलटं बसवलंय की काय..."

ताईने हात घालून तिचं मनगट धरलं आणि ओढलं. उंबऱ्यापर्यंत हात आला आणि थांबला. तिने आणखी जोर लावला तर धाकटी कळवळली, "हाड मोडेल गं." ताईचा हात मात्र आरपार जात होता, येत होता. ती उंबरा ओलांडून आत गेली.

आत तो वास होता. पाण्याचा पेला जागच्या जागी. खुर्ची भिंतीकडे तोंड करून, आणि वेत पार खाली ओढला गेलेला.

"मी सांगते ते म्हण," ताई म्हणाली. "नाटकाचा शेवट आहे." आणि बहिणीच्या कानाशी लागून तिने ते वाक्य सांगितलं. धाकटीने मोठ्याने म्हटलं, "झालं. आता ऊठ आणि जा."

काही झालं नाही. धाकटीने पुन्हा म्हटलं, मग ओरडून, मग रडत. वेत होता तसाच.

"मी बोलावलंच नाही तर माझं कशाला ऐकेल?" धाकटी हुंदके देत म्हणाली. "तू सांग ना त्याला. ताई, तू सांग."

ताई वळली. समोर रिकाम्या खुर्च्यांचा काळोख पसरला होता. बावीस वर्षांनी ती रंगमंचाच्या मध्यभागी उभी होती आणि तिचा आवाज तस्साच गेला. ओठ हलले, हवा निघेना. मागून बहिणीची नखं त्या हवेवर खरवडत होती. मग ताई गुडघ्यांवर बसली, खुर्चीच्या पाठीपाशी तोंड नेलं आणि तिला जे येत होतं तेच तिने केलं. ती कुजबुजली.

"झालं. आता ऊठ... आणि जा."

वेत करकरला. तारेसारखा ताणलेला एकेक पदर सैल होत वर आला, आणि बैठक सपाट झाली. त्याच क्षणी धाकटी दारातून तोंडावर पडता पडता बाहेर गेली. बाहेर ती हसत होती, रडत होती, नुसती आत-बाहेर उड्या मारत होती. "ताई, सुटले बघ. ताई, चहा पिऊ या, मला भूक लागलीय."

ताईने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. लाकूड थंड होतं. एवढं थंड, की तिने दोन्ही तळवे टेकवून पाहिले. बहीण वाचली ह्याचा आनंद तिला झाला होता, त्यात तसूभर खोट नव्हती. पण पुढचे शब्द वहीत नव्हते. ते कोणी लिहिले नव्हते आणि ते तिला कोणी सांगितलेही नव्हते. ती आपणहून कुजबुजली, "फार लांब नको."

मग उठली आणि बहिणीबरोबर चहाला गेली.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. धाकटीने असं काम केलं की पहिल्या रांगेतली माणसं पाठ टेकायची विसरली. पूजेची वेळ आली तेव्हा ती खुर्चीला पाठ लावून बसली, आणि ताईने विंगेतून नीट पाहिलं. वेत सपाट होता. धाकटीच्या चेहऱ्यावर फक्त अभिनय होता. ताईचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तिच्या स्वतःच्या पाठीला कोमट लागलं.

ती पाठ नसलेल्या साध्या स्टुलावर बसली होती. मागे विंगेची काळी भिंत हातभर लांब. तरी कोणीतरी पाठीला पाठ लावून, सावकाश, पूर्ण भार टाकून बसलं. लोकरीचा वास आला. आता खरं सांगायचं तर ताई घाबरली नाही. तिला इतकं बरं वाटलं की तिने डोळे मिटले. आला. ऐकलं त्याने.

भीती मागून आली. धाकटी एका वाक्याला किंचित अडखळली. ताईने सांगायला तोंड उघडलं, आणि ते वाक्य तिच्या कानामागे आधीच कुजबुजलं गेलं, एक श्वास आधी, तिच्याच आवाजात. ताईने ते मागून म्हटलं. पुढचंही तसंच. तिने वहीवरची नजर काढून गप्प राहायचा प्रयत्न केला. कानामागे कुजबूज झाली आणि तिचे ओठ हलले. उरलेलं नाटक तिने असंच सांगितलं. शेवटचं वाक्य आलं, "झालं. आता ऊठ आणि जा." आधी मागून, मग ताईच्या तोंडून, मग धाकटीच्या. धाकटी दारातून निघून गेली. टाळ्या थांबेनात. पाठीवरचा भार मात्र होता तसाच राहिला.

अर्ध्या तासाने धाकटी मेकअप उतरवून, हातात फुलं घेऊन विंगेत आली. बाहेर गाडी उभी होती, सगळे तिच्यासाठी खोळंबले होते. किती दिवसांनी तिचे गाल असे दिसत होते.

"ताई, चल की. सगळे थांबलेत."

ताईला उठता येत नव्हतं. तिला म्हणायचं होतं, माझा हात धर. तू दारापाशी म्हणालीस ना, तसाच, हात धर. तिने श्वास घेतला.

कानामागे कोणीतरी कुजबुजलं.

"तू हो पुढे," ताई म्हणाली.

"बरी आहेस ना?"

पुन्हा कुजबूज.

"बरी आहे... येते मी."

धाकटी दोन पावलं गेली आणि थांबली. तिने फुलं ह्या हातातून त्या हातात घेतली. तिचा आवाज जरा खाली आला.

"ताई, पण तू अशी भिंतीकडे तोंड करून का बसलीयस गं?"

ताई तर धाकटीच्या डोळ्यांत बघत होती.